विश्लेषण : द्राक्षाच्या पानावरचे दोन पांढरे रोग दोन वेगळ्या ‘सृष्टीं’तले! सजीवांचे वर्गीकरण शेतकऱ्याच्या कामाचे कसे?

भुरी आणि डाऊनी या दोन्ही रोगांना बागेत सरसकट ‘बुरशी’ म्हटले जाते. जीवशास्त्राच्या हिशेबात मात्र त्यांतली एकच खरी बुरशी आहे. हा फरक लक्षात न घेता औषध निवडले तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि रोग तसाच राहतो. सजीवांच्या सृष्टी कशा ठरवल्या जातात, त्या वारंवार का बदलतात आणि जालन्याच्या शेतीशी त्यांचा संबंध काय, याविषयी…

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकास आणि शेततळ्यांमुळे राज्यभर ओळखले जाते. या पाण्यावरच तिथे द्राक्षशेती उभी राहिली. फळछाटणीनंतर नवी फूट येते आणि त्याच सुमारास परतीचा पाऊस किंवा ढगाळ हवा असेल तर बागायतदाराची झोप उडते. पानावर पांढरे काही दिसले की कृषी सेवा केंद्रात पहिले वाक्य ठरलेले असते, ‘बुरशी आलीय, औषध द्या.’ दुकानातल्या फळीवर ‘बुरशीनाशक’ या एकाच नावाखाली अनेक बाटल्या आणि पुडे असतात. त्यांतले कोणते उचलायचे, याचे उत्तर आठवीच्या विज्ञानातल्या सजीवांच्या वर्गीकरणाच्या धड्यात दडलेले आहे.

भुरी आणि डाऊनीत फरक काय?

दोन्ही रोग पांढरे दिसतात, दोन्ही पानावर आणि कोवळ्या घडावर येतात आणि दोन्ही मूळचे उत्तर अमेरिकेतले. मात्र त्यांच्या वागण्यात मोठा फरक आहे.

भुरीचे शास्त्रीय नाव एरिसिफी नेकेटर. पानावर, काडीवर आणि मण्यांवर राखाडी-पांढरी भुकटी टाकल्यासारखी ती दिसते. तिचे धागे मुख्यतः पानाच्या पृष्ठभागावरच पसरतात आणि फक्त वरच्या थरातील पेशींत शिरून अन्न शोषतात. भुरीला पानावर पाणी साचलेले लागत नाही. हवेतला दमटपणा आणि ढगाळ वातावरण तिला पुरते.

डाऊनी, म्हणजेच केवडा. याचे शास्त्रीय नाव प्लास्मोपॅरा व्हिटिकोला. पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग पडतात आणि त्याच जागी खालच्या बाजूला पांढरी लव येते. हा जीव पानाच्या आत वाढतो आणि पर्णरंध्रांतून बाहेर डोकावतो. संसर्गासाठी त्याला पानावर पाण्याचा थर लागतो, कारण त्याचे बीजाणू त्या थरात अक्षरशः पोहतात. प्रत्येक बीजाणूला चाबकासारखी दोन शेपटे असतात. जीवशास्त्रात त्यांना कशाभिका म्हणतात. पाऊस किंवा दव नसेल तर हे पोहणारे बीजाणू पर्णरंध्रापर्यंत पोहोचू शकत नाहीत.

भुरी ही खरी बुरशी आहे. डाऊनीचा जीव ‘ऊमायसीट’ या गटातला आहे. त्याची जवळची नाती समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी आणि डायटमशी जुळतात, भुरीशी नाही.

‘सृष्टी’ म्हणजे काय? ती कोण ठरवते?

सजीवांची वर्गवारी गाव, तालुका, जिल्हा, राज्य अशा उतरंडीसारखी असते. सर्वांत खाली जाती, तिच्यावर प्रजाती, मग कुल, गण, वर्ग, संघ आणि वर सृष्टी. एका सृष्टीतले सजीव एकमेकांचे दूरचे का होईना, पण नातेवाईक असावेत, ही अपेक्षा आहे.

स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी १७३५ मध्ये सजीवांच्या दोनच सृष्टी मानल्या, वनस्पती आणि प्राणी. जे हलत नाही आणि मातीतून उगवते ते वनस्पतीत गेले. त्यामुळे भूछत्र आणि बुरशीही वनस्पतींच्या खात्यात जमा झाली. सूक्ष्मदर्शकातून दिसणारे असंख्य एकपेशीय जीव या दोन्ही खात्यांत नीट बसेनात, तेव्हा जर्मनीचे अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सृष्टी सुचवली.

पुढची पायरी पेशीच्या आत डोकावल्यावर आली. फ्रान्सचे एदुआर शॅटन यांनी १९२५ मध्ये पेशीत केंद्रक असलेले आणि नसलेले, असा भेद मांडला. जीवाणूंच्या पेशीत आवरण असलेले केंद्रक नसते. ते आदिकेंद्रकी. माणूस, मोसंबी, भुरी यांच्या पेशीत ते असते. ते दृश्यकेंद्रकी. अमेरिकेचे हर्बर्ट कोपलँड यांनी १९३८ मध्ये हा भेद धरून जीवाणूंना स्वतंत्र सृष्टी दिली आणि संख्या चारवर गेली.

अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये पाच सृष्टींची मांडणी केली. मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी पाठ केलेली ‘पंचसृष्टी पद्धती’ ती हीच. पेशी साधी की गुंतागुंतीची, शरीर एकपेशीय की बहुपेशीय आणि पोषण कसे, हे त्यांचे मुख्य निकष होते. वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, प्राणी ते गिळतात आणि कवके बाहेरच पाचकरस सोडून विरघळलेले अन्न शोषतात. बुरशीला वनस्पतींपासून वेगळे करून स्वतःची सृष्टी मिळाली ती या पोषणाच्या निकषावर.

मग डाऊनी बुरशीतून बाहेर का पडली?

डाऊनीचा जीवही अन्न शोषून घेतो, धाग्यांसारखा वाढतो आणि बीजाणू सोडतो. त्यामुळे व्हिटाकर यांनीही ऊमायसीटांना कवकांच्याच सृष्टीत ठेवले होते. त्यांचे वेगळेपण मात्र तेव्हाही लपलेले नव्हते. दोन कशाभिकांमुळे त्यांना वेगळ्या उपसृष्टीत बसवण्यात आले होते.

पुढे तीन पुरावे एकत्र आले. पहिला पेशीभित्तिकेचा. खऱ्या बुरशीची भिंत मुख्यतः कायटिनने मजबूत झालेली असते. खेकड्याचे कवच आणि कीटकांचे कठीण आवरण ज्या पदार्थाचे असते, तोच हा पदार्थ. ऊमायसीटांच्या भिंतीत मात्र वनस्पतींप्रमाणे सेल्युलोज आढळते. दुसरा पुरावा कशाभिकांचा. त्यांची रचना तपकिरी शेवाळाच्या पोहणाऱ्या पेशींशी जुळते. तिसरा आणि निर्णायक पुरावा जनुकांचा. जनुकांची तुलना करता येऊ लागली तेव्हा ऊमायसीटांची शाखा बुरशीपासून फार लांब निघाली.

ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांनी १९८१ मध्ये अशा जीवांसाठी ‘क्रोमिस्टा’ ही वेगळी सृष्टी सुचवली. सगळे शास्त्रज्ञ हे नाव वापरतात असे नाही. काही जण ‘स्ट्रॅमेनोपाइल’ या गटनावाने काम भागवतात. पण ऊमायसीट म्हणजे खरी बुरशी नव्हे, यावर आता वाद नाही.

शार्क आणि डॉल्फिन दोघांचे शरीर पाण्यात पोहण्यासाठी एकसारखे घडले, तरी एक मासा आहे आणि दुसरा सस्तन प्राणी. भुरी आणि डाऊनी यांचेही तसेच आहे. एकसारख्या जगण्यामुळे रूप सारखे झाले, वंश मात्र वेगळे आहेत.

चुकीची सृष्टी, वाया गेलेली फवारणी

आता प्रश्न खिशाचा. औषध काम करते ते जीवाच्या शरीरातल्या एखाद्या विशिष्ट यंत्रणेवर घाव घालून. ती यंत्रणाच नसेल तर घाव हवेत जातो.

खऱ्या बुरशीच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. हेक्झाकोनॅझोलसारखी ‘अझोल’ गटातली औषधे हा पदार्थ तयार होण्याची प्रक्रिया रोखतात. पडदा कमकुवत होतो आणि बुरशी मरते. भुरीवर ती चालतात ती यामुळे. ऊमायसीट हा पदार्थ स्वतः तयारच करत नाहीत. जो कारखाना नाही, तो बंद पाडणार कसा? त्यामुळे डाऊनीवर अझोल गटातील औषध मारणे म्हणजे पाणी मारण्यासारखेच. कार्बेन्डाझिमचेही तसेच. बुरशीची पेशी विभागताना लागणाऱ्या प्रथिनाला ते पकडते, पण ऊमायसीटांवर त्याचा उपयोग होत नाही. भुरीसाठी पूर्वापार वापरले जाणारे गंधकही डाऊनीला आवरत नाही.

उलट बाजूही तशीच आहे. मेटॅलॅक्झिल हे औषध ऊमायसीटांच्या पेशीत आरएनए तयार करणाऱ्या विकरावर काम करते. डाऊनीवर ते प्रभावी ठरते, भुरीवर नाही. ते एकाच जागी घाव घालत असल्याने रोग त्याला लवकर सरावतो. म्हणूनच ते बहुतेक वेळा मॅन्कोझेबसोबत मिसळून विकले जाते.

काही औषधे मात्र सृष्टी पाहत नाहीत. मॅन्कोझेब आणि ताम्रयुक्त औषधे पेशीत अनेक ठिकाणी घाव घालतात. अझोक्सिस्ट्रोबिन पेशीच्या श्वसनावर काम करते आणि ती यंत्रणा दोन्ही सृष्टींत असल्याने दोन्ही गटांवर लागू पडते. ‘बुरशीनाशक’ हा शब्द त्यामुळे अपुरा आहे. बाटलीवरच्या कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले घटकाचे नाव जास्त महत्त्वाचे.

हा फरक प्रयोगशाळेत हत्यारासारखा वापरला जातो. मातीतून किंवा मुळांतून फायटोफ्थोरा हा ऊमायसीट वेगळा काढायचा असेल, तर त्याच्या खाद्य माध्यमात पिमारिसिन मिसळतात. ते अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि खऱ्या बुरशीला दाबून टाकते. जीवाणू वाढू नयेत म्हणून अॅम्पिसिलिन आणि रिफॅम्पिसिन ही प्रतिजैविके घालतात. बुरशी आणि जीवाणू थोपवले जातात आणि फायटोफ्थोरा वाढत राहतो. एका छोट्या काचेच्या बशीत तीन सृष्टी अशा वेगळ्या होतात.

मोसंबीच्या बागेत किती सृष्टी?

जालन्याची खरी ओळख मोसंबी. जिल्ह्याच्या या फळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि बदनापूर येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे. झाड वाळू लागले की बागेत ‘रोग पडला’ एवढेच म्हटले जाते. त्या वाळण्यामागे मात्र वेगवेगळ्या गटांतले जीव असू शकतात.

बुंध्याची साल फाटून डिंक गळतो, मुळे कुजतात, तो डिंक्या. तो फायटोफ्थोरामुळे होतो. म्हणजे हाही डाऊनीचा भाऊबंद, पोहणाऱ्या बीजाणूंचा ऊमायसीट. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे पद्धत वापरा, कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा, निचरा नीट ठेवा, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. त्याचे कारण या जीवाच्या सृष्टीत आहे. बुंध्याशी पाणी साचले की बीजाणूंना पोहायला वाट मिळते.

पाने पिवळी पडतात, फळे लहान आणि वेडीवाकडी राहतात, तो ग्रीनिंग. त्यामागे जीवाणू आहे. सिट्रस सायला ही छोटी कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. या जीवाणूवर बुरशीनाशकाचा काहीही परिणाम होत नाही. रोगमुक्त कलमे लावणे आणि सायला आटोक्यात ठेवणे, हाच मुख्य मार्ग.

ट्रिस्टेझा हा तिसरा. तो विषाणूजन्य असून माव्यामार्फत पसरतो. विषाणूला स्वतःची पेशीच नसल्याने तो पंचसृष्टीत कुठेही बसत नाही. विषाणूंची वर्गवारी एक आंतरराष्ट्रीय समिती स्वतंत्रपणे करते. त्याच्यावर फवारणीचे औषध नाही. निरोगी कलम आणि योग्य खुंट यांवरच भिस्त ठेवावी लागते.

यात ट्रायकोडर्माची भर पडते. ही उपयुक्त बुरशी शेणखतात मिसळून मुळांजवळ दिली जाते. ती मातीतल्या रोगकारक जीवांशी झगडते, फायटोफ्थोराशीही. ट्रायकोडर्मा खरी बुरशी आहे. डिंक्या दिसला म्हणून कोणी मुळांशी कार्बेन्डाझिम ओतले, तर मित्र मरतो आणि शत्रू शाबूत राहतो. सृष्टी चुकल्याची किंमत इथे दुप्पट मोजावी लागते.

चोरांना घाबरवायला निघाले, औषध सापडले

पावसाळ्यापूर्वी मोसंबीच्या बुंध्यांना निळसर बोर्डो पेस्ट लावलेल्या बागा जालन्यात सर्रास दिसतात. या मिश्रणाचा जन्म फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात झाला आणि तोही डाऊनीमुळेच. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेली डाऊनी फ्रान्सच्या द्राक्षबागांत पसरली. रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तिथले बागायतदार मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या निळ्या वेलींवर पाने टिकून असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मियार्दे यांच्या लक्षात आले. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये हे मिश्रण जाहीर केले. आजही एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना.

तांबे बुरशी, ऊमायसीट आणि काही प्रमाणात जीवाणू यांनाही मारते. मियार्दे यांच्या काळात ऊमायसीट वेगळे आहेत हे कळलेले नव्हते, तरी मिश्रण चालले, कारण ते सृष्टी विचारत नाही. पण प्रत्येक औषध असे नसते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर आलेल्या करप्याने काही वर्षांत सुमारे दहा लाख लोकांचा बळी गेला. तो करपाही फायटोफ्थोराचाच होता आणि तेव्हा शेतकऱ्यांच्या हाती कोणतेच औषध नव्हते.

काळी बुरशी आणि माणसाशी नाते

सृष्टीचा प्रश्न शेतापुरता नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावपळ झाली. ‘अँटिबायोटिक देऊन भागत नाही का?’ हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. भागत नाही, कारण नेहमीची प्रतिजैविके जीवाणूंच्या यंत्रणेवर घाव घालतात आणि म्युकर ही बुरशी आहे. अॅम्फोटेरिसिन बुरशीच्या पडद्यातल्या अर्गोस्टेरॉलला पकडते.

मग हे इंजेक्शन मूत्रपिंडाला त्रास का देते? याचे उत्तरही नात्यात आहे. १९९३ मध्ये जनुकीय तुलनेतून दिसून आले, की बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. बुरशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल, माणसाच्या पडद्यात कोलेस्टेरॉल. दोन्ही पदार्थ एकमेकांसारखे. बुरशीवर सोडलेले औषध त्यामुळे माणसाच्या पेशींनाही थोडेफार लागते. जीवाणू आपल्यापासून फार वेगळा असल्याने त्याच्यावर नेमका वार करणे सोपे जाते. बुरशी जवळची असल्याने तिच्यावर उपचार करणे अवघड. लिनियसच्या काळी वनस्पतीत गेलेली बुरशी आपल्याच बाजूची निघाली.

लोणारचे गुलाबी पाणी आणि तिसरे घराणे

जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यामागे हॅलोआर्किया हे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे समोर आले. त्यांच्या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे पाण्याला तो रंग आला होता.

आर्किया दिसायला जीवाणूंसारखेच. केंद्रक नाही, आकार सूक्ष्म. व्हिटाकर यांच्या मोनेरात ते जीवाणूंसोबतच होते. अमेरिकेचे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली आणि हे जीव जीवाणूंपासून पार वेगळे असल्याचे दाखवले. वूज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सृष्टीच्याही वर तीन मोठी घराणी मांडली. जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी. या मांडणीत भुरी, डाऊनी, मोसंबी, रेशीमकिडा आणि माणूस हे सगळे एकाच घराण्यात येतात.

आर्किया पाहायला लोणारलाच जायला हवे असे नाही. गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करणारे जीव आर्कियाच आहेत. गाई-म्हशींच्या पोटातही ते असतात.

रेशीमकिड्याच्या रोगाने बदलली सृष्टी

जालना बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि मराठवाड्यातल्या तुती उत्पादकांना कोष विकायला जवळची जागा मिळाली. कीटकसंगोपनगृहात चार रोगांची धास्ती असते आणि हे चारही वेगवेगळ्या प्रकारच्या जीवांमुळे होतात. ग्रासरी विषाणूमुळे, फ्लॅचेरीत मुख्यतः जीवाणू, मस्कार्डिन बुरशीमुळे आणि पेब्रीन ‘मायक्रोस्पोरिडिया’मुळे.

पेब्रीनच्या जीवाचा प्रवास सर्वांत रंजक. १८५७ मध्ये त्याला नाव मिळाले, तेव्हा तो बुरशी आणि जीवाणू यांच्या त्या काळच्या सरमिसळ गटात टाकला गेला. नंतर विसाव्या शतकात बराच काळ तो प्रोटोझोआत गणला जात असे. जनुकीय पुराव्यांनंतर तो पुन्हा बुरशीच्या गोतावळ्यात आला.

मात्र रोग टाळण्याची पद्धत या सगळ्यात बदलली नाही. लुई पाश्चर यांनी १८६५ नंतर फ्रान्समध्ये जे सुचवले, ते आजही चालते. अंडी घातलेल्या मादी पतंगाला चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि बीजाणू दिसले तर तिची अंडी नष्ट करायची. शेतकरी विकत घेतो त्या ‘रोगमुक्त अंडीपुंजां’मागे हीच तपासणी असते. सृष्टी कळली की उपाय शोधायची दिशा मिळते. पण स्वच्छता आणि तपासणी यांची जागा कोणतीही सृष्टी घेत नाही, हा धडा पेब्रीनने दिला.

मग आज सृष्टी नक्की किती?

एकच सर्वमान्य आकडा नाही. शाळेत पाच शिकवल्या जातात. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने सात सृष्टींची यादी प्रसिद्ध केली. जीवाणू, आर्किया, प्रोटोझोआ, क्रोमिस्टा, बुरशी, वनस्पती आणि प्राणी. काही शास्त्रज्ञ ‘सृष्टी’ ही पातळीच बाजूला ठेवून केवळ नात्यांचा वृक्ष मांडतात.

याचा अर्थ आधीचे चुकले असा नाही. लिनियस यांच्याकडे डोळे होते, हेकेल यांच्याकडे सूक्ष्मदर्शक, वूज यांच्याकडे आरएनए. हाती आले त्या साधनाने प्रत्येकाने नाती शोधली. परीक्षेत पाच सृष्टी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर बरोबरच आहे, फक्त ते शेवटचे उत्तर नाही. पंचसृष्टीच्या मांडणीतली ‘प्रोटिस्टा’ ही सृष्टी तर कुठेच न बसणाऱ्यांचे गाठोडे आहे, हे बहुतेक शास्त्रज्ञ मान्य करतात.

बागायतदाराने यातून काय घ्यावे?

सृष्टींची नावे पाठ करण्याची गरज नाही. पान उलटून पाहावे. वर भुकटी असेल तर भुरीचा संशय, खाली लव आणि वर तेलकट डाग असतील तर डाऊनीचा. बुंध्यातून डिंक गळत असेल तर आधी पाणी आणि निचरा तपासावा. खात्री नसेल तर रोगट पान किंवा मुळांचा नमुना घेऊन खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र, बदनापूरचे संशोधन केंद्र किंवा तालुका कृषी कार्यालय गाठावे. दुकानात फक्त ‘बुरशीचे औषध’ न मागता रोगाचे नाव सांगावे आणि त्या पिकासाठी व त्या रोगासाठी औषधाला लेबल क्लेम आहे का, हे विचारावे.

चुकीच्या फवारणीत केवळ पैसे जात नाहीत. औषधाचा अंश फळात राहतो, उपयुक्त बुरशी मरते आणि रोगाला पसरायला आणखी काही दिवस मिळतात. द्राक्षाच्या हंगामात ते दिवसच महागात पडतात.